उजवा गाल, डावा गाल

फोनवरची बाई रडत नव्हती, भांडत होती.

"ताबडतोब या. माझा उजवा गाल भाजलाय. काल. माझ्या सख्ख्या वहिनीच्या क्लिनिकमध्ये. आणि आज सकाळपासून इथं सगळे एकमेकांकडे बोटं दाखवत उभे आहेत. माझ्या गालाकडे बघायला कुणाला सवड नाही."

"कशानं भाजला?"

"कातडी घट्ट करायच्या मशीननं. म्हणजे माझी काही एवढी सैल झाली नव्हती, पण वहिनी म्हणाली, वन्सं, तुम्ही नुसत्या बसा, मी स्वतः..."

"येते," म्हणून तपासनीसबाईंनी फोन ठेवून दिला. गाल भाजला, मशीननं भाजला, एवढं त्यांना पुरे होतं. पुढची कहाणी ऐकायची गरज वाटली नाही.

तिथंच त्या चुकल्या. पण ते कळायला संध्याकाळ व्हावी लागली.

त्या आरोग्य खात्यात होत्या. दवाखान्यातल्या एखाद्या यंत्रानं माणसाला इजा केली, तर दोष यंत्राचा की ते चालवणाऱ्याचा, हे ठरवण्याचं त्यांचं काम. नवजात बाळांच्या वॉर्डातून निरोप आला की त्या धावत जात. चेहऱ्यांच्या दुकानातून निरोप आला की त्या चालत जात, आणि वाटभर मनातल्या मनात नाक मुरडत. देवानं दिलेल्या तोंडाला इस्त्री करून घ्यायची, आणि डाग पडला की सरकारला हाक मारायची!

क्लिनिक तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली.

"कालपासून बंद आहे, बाई," खालचा पहारेकरी म्हणाला. "काल तर एका साहेबांचं मशीन जिन्यानं चढवलं. मधल्या वळणावर असं अडकलं म्हणता! कठडा सोलला, साहेब घामानं निथळले. तासभर तरी गेला असेल. हमालांनी ज्या शिव्या दिल्या त्या सांगत नाही."

कठडा खरंच सोललेला होता. तपासनीसबाई धापा टाकत वर पोचल्या.

आत हॉटेल व्हायची हौस असलेल्या दवाखान्याचा वास होता. भिंतीवर फोटोंच्या जोड्या. 'आधी' आणि 'नंतर'. आधीच्या फोटोत प्रत्येक बाई फिकट, उदास, जणू नुकतीच तापातून उठलेली. नंतरच्या फोटोत तिच्यावर कुणीतरी दिवा धरलेला.

'दिव्याचा खेळ आहे सगळा,' बाईंनी मनात म्हटलं.

डॉक्टरीणबाई समोर आल्या. क्लिनिक त्यांचंच. चेहऱ्यावर सुरकुती नव्हती आणि भावही नव्हता. एक घालवताना दुसरा गेला असावा.

"हा अपघात आहे," त्या म्हणाल्या. "आणि दुर्दैवानं घरातच झालाय. वन्संना मी सख्ख्या बहिणीसारखं मानते. पण आम्ही इथं शास्त्रीय तुलना करत होतो, हे आधी लक्षात घ्या."

"कशाची तुलना?"

"दोन आरएफ मशीनची. रेडिओफ्रिक्वेन्सी. दोन्ही कातडीच्या आत उष्णता सोडतात, म्हणजे कातडी आकसते. एक मशीन बारीक सुयांनी आत शिरतं. दुसरं वरूनच फिरवायचं, गुळगुळीत तोंडाचं. एकाच बाईच्या डाव्या गालावर सुयांचं, उजव्या गालावर फिरवायचं. तोच चेहरा, तेच वय. याहून प्रामाणिक तुलना असूच शकत नाही."

"आणि तुलना कुणासाठी?"

"पुढच्या आठवड्यात आमच्या क्षेत्राचं संमेलन आहे. मी ज्या मशीनचं नाव घेईन, ते गावोगावची क्लिनिकं घेतील." त्यांनी किंचित मान वर केली. "लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात."

"मग आता कुणाचं नाव घेणार?"

"आता काय उरलंय? फिरवायच्या मशीननं माझ्या नणंदेचा गाल भाजला. मी निःपक्षपाती आहे, पण डोळे मिटून बसणार नाही."

"चालवत कोण होतं?"

"आमची टेक्निशियन. मी तिला दोष देत नाही." त्यांनी कोटाची बाही सारखी केली. "फक्त उद्यापासून येऊ नकोस, असं सांगितलंय."

दोष न देण्याची ही पद्धत बाईंना नवी नव्हती.

दोन्ही मशीनचे विक्रेते पाहुण्यांच्या खोलीत, एकाच सोफ्याच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. नावं त्यांनी छापील कार्डांवर दिली. बाईंनी कार्डं न बघता पर्समध्ये टाकली आणि मनातल्या मनात त्यांचं बारसं करून टाकलं. फिरवायचं मशीन विकणारा तो गुळगुळीत. सुयांचं विकणारा तो टोचऱ्या.

गुळगुळीत आधी बोलला. त्याचं बोलणं तेलात बुडवून काढल्यासारखं होतं.

"मॅडम, आमचं मशीन म्हणजे मायेचा हात. सुया नाहीत, रक्त नाही, बधिर करणं नाही, बँडेज नाही. दुपारच्या सुट्टीत यावं, गाल घट्ट करून परत ऑफिसात जावं. शेजारच्या टेबलवाल्याला पत्ता लागणार नाही."

"मग भाजलं कसं?"

"चालवणारीनं भाजलं. आमच्यात वरून गार फवारा असतो, कातडी वर थंड राहते, आणि उष्णता आत जाते. आत किती गेली हे बाहेरून कळत नाही. ते पेशंट सांगणार. विचारत विचारत वाढवायचं, 'ऊबदार वाटतंय का, पोळतंय का,' असं. पहिल्याच दिवशी शिकवतो आम्ही हे. ती पोरगी ऐकतच नव्हती!"

"तुम्ही होतात तिथं?"

"म्हणजे काय! काल सकाळी आल्यापासून ती माझ्याच नजरेसमोर होती. मशीन जोडलं, तपासलं, पुन्हा तपासलं. पाणी प्यायलासुद्धा हलू दिली नाही मी तिला. पेशंट आत तयार होऊन आमच्या खोलीत येईपर्यंत सगळी शिकवणी झाली होती. म्हणूनच छातीठोक सांगतो, शिकवण्यात माझी कसूर नाही. चूक तिची."

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडून हसण्याचा आवाज आला.

"मायेचा हात!" टोचऱ्या म्हणाला. "हात कसला, तवा आहे तो. आमचं कसं रोखठोक. सुई जिथं जाते तिथंच उष्णता. वर काही नाही. काल डाव्या गालावर मी स्वतः उभं राहून करवून घेतलं. बघा जाऊन, आहे का एक फोड?"

"तुम्ही किती वाजता आलात?"

"उशिरा. ती लिफ्ट! मी घामाघूम होऊन वर आलो, तर यांचं उजव्या गालावर निम्मं उरकलेलं. मॅडम चिडल्या होत्या माझ्यावर. ठरलं होतं आधी डावा, मग उजवा. माझ्यामुळे उलटं झालं."

"तुमच्या मशीनला बधिर करावं लागतं?"

"चेहऱ्याला सुया टोचायच्या, मॅडम. क्रीम लावून, वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद चिकटवून तासभर ठेवावं लागतं. ते क्लिनिक आपलं आपण करतं. मी पोचलो तेव्हा पेशंट तयारच होती."

खात्याचे अभियंता दुपारी येऊन दोन्ही मशीन उघडून गेले. दोन्ही ठणठणीत. जाताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली: फिरवायच्या मशीनच्या नोंदीत काल उष्णता टप्प्याटप्प्यानं वाढवत नेल्याचं दिसत होतं. पार वरच्या टोकापर्यंत.

म्हणजे यंत्र सुटलं. उरलं माणूस.

टेक्निशियन आतल्या खोलीत, आपलीच कपाटं पुसत बसली होती. उद्यापासून येऊ नको म्हटलेलं माणूस कपाट पुसतं, हे बाईंना विचित्र वाटलं.

"वाढवत का नेलंस?"

"त्या सांगत होत्या म्हणून. मी दर फेरीला विचारलं. 'ताई, पोळतंय?' तर म्हणे, 'छे ग, ऊबसुद्धा नाही. तुझं मशीन चालू तरी आहे का?' मी थांबले. डॉक्टर मॅडमना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, 'वाढव. त्यांची कातडी जाड आहे.'"

"हे मॅडम मान्य करतील?"

मुलीनं फडक्याची घडी घातली.

"तुला कल्पना आहे ना, माझ्या अहवालात तुझं नाव गेलं तर काय होईल?"

"नोंदणी जाईल. मग कुठलंच क्लिनिक मशीनला हात लावू देणार नाही." तिनं फडकं पुन्हा उलगडलं. "मला दुसरं काही येत नाही हो. आणि हे मला चांगलं येतं."

"याआधी किती जणींवर तुलना केली?"

"तिघी. दर वेळी दोन्ही साहेब मशीन घेऊन यायचे. एकीलाही काही झालं नाही. उलट तिघींनीही उजवाच गाल बरा म्हणून सांगितलं. सुयांचे लाल ठिपके आठवडाभर राहतात ना. मॅडमना ते आवडलं नाही."

"काय आवडलं नाही? ठिपके?"

"नाही. तिघींचं म्हणणं."

बाईंनी तिच्यामागच्या उघड्या कपाटाकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत एकसारखी पांढरी खोकी. एक उघडून पाहिलं. आत सुयांची डोकी, एकेकदा वापरून टाकायची.

"हे नमुने?"

"एवढे? माहीत नाही. मागच्याच महिन्यात आले. याच मशीनला बसतात फक्त. मुदत संपली की फेकायचे."

बाईंनी खोकं मिटवून ठेवलं. धंद्याची उधळपट्टी, दुसरं काय.

मग त्या नणंदबाईंकडे गेल्या. पडदे ओढलेली खोली, पलंगाशी आरसा, आणि आरशासमोर आडव्या झालेल्या नणंदबाई. उजव्या गालावर जबड्याच्या कडेनं फोडांची ओळ. बघवत नव्हतं. डाव्या गालावर ओळीनं बारीक ठिपके. तोंड मात्र अखंड चालू.

"आलात! मी म्हणतच होते, सरकारी माणसं जिना चढायची नाहीत. तर ऐका. काल सकाळी मी आले. चहासुद्धा विचारला नाही कुणी. डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, तोंडाला लेप फासला, वर तो प्लास्टिकचा कागद. मला तर वाटलं, उरलेल्या भाजीसारखी मला आता फ्रिजमध्ये ठेवतात..."

"मशीन चालू असताना दुखलं?"

"तेच तर सांगतेय! काहीसुद्धा नाही. त्या मुलीनं बिचारीनं विचारून विचारून जीव खाल्ला. मी म्हटलं, वाढव बाई, पाठीवर ती मशीनच्या वायरची पट्टी चिकटवून मला उगाच बसवून ठेवलंय. नंतर तोंड पुसलं तर दुसऱ्याच कुणाचं तोंड पुसतेय असं वाटत होतं. घरी गेले, संध्याकाळी जो गाल पेटला म्हणता, मी किंचाळलेच. आमचे हे म्हणतात, भूकंप झाला का. आणि वहिनीचं तर तुम्हाला सांगते, लग्न होऊन आल्यापासून..."

"पुरे," बाई म्हणाल्या. "विश्रांती घ्या."

नणंद-भावजयीचं पुराण ऐकायला त्यांना वेळ नव्हता. पेशंटनं 'वाढव' म्हटलं, मुलीनं वाढवलं. एक हौशी, दुसरी भोळी. अहवाल जवळजवळ तयार होता: चालवणाऱ्याचा निष्काळजीपणा. मुलीची कीव येत होती, पण कीव हा पुरावा नसतो.

फक्त एक राहिलं होतं. फोटो.

'आधी'चे फोटो मशीनच्याच खोलीत एका कोपऱ्यात काढतात. हनुवटी टेकवायची, कळ दाबायची, तीन कॅमेरे एकदम टिपतात. टेक्निशियननं संगणक लावून दिला.

"काल तयारी झाल्यावर, तोंड पुसल्यावर लगेच काढलेत हे. मी कळ दाबली आणि पेशंटला खुर्चीवर नेलं."

"फोटो बघितला नाहीस?"

"आधीचा फोटो एकटा कोण बघतं, बाई? 'नंतर'चा आला की दोन्ही शेजारी लावतात, तेव्हाच बघायचा. ही पद्धतच आहे आमची."

पडद्यावर नणंदबाई. डोळे मिटलेले. कपाळ सावळं, नाकाचा शेंडा लालसर, आणि दोन्ही गाल खडूसारखे पांढरेफटक.

'दिव्याचा खेळ,' बाईंनी सवयीनं म्हटलं, आणि खुर्ची मागे सारली.

मग त्या पुन्हा बसल्या.

दिव्याला रेघ नसते. या पांढरेपणाला होती. जबड्याखाली, कातरीनं कापल्यासारखी सरळ. डावीकडेही. उजवीकडेही.

असा पांढरा चौकोन त्यांनी पूर्वी पाहिला होता. फार लहान हातावर. बाळाला सुई टोचायच्या आधी नर्स काय करते, ते त्यांना आठवलं, आणि कानशिलं गरम झाली.

त्या उठल्या आणि नणंदबाईंच्या खोलीत परत गेल्या. या वेळी खुर्ची ओढून बसल्या.

"मघाशी मी तुम्हाला मधेच तोडलं. सकाळपासून दोनदा तोडलं. आता सांगा. लेप कुठल्या गालाला लावला होता? आणि कुणी?"

नणंदबाईंनी सांगितलं. अगदी सविस्तर सांगितलं. बाई एकदाही मधे बोलल्या नाहीत.

संध्याकाळी पाहुण्यांच्या खोलीत सगळे जमले. दोन्ही विक्रेते सोफ्याच्या टोकांना. टेक्निशियन दाराशी उभी. नणंदबाई गालावर ओला कपडा धरून. डॉक्टरीणबाई मधल्या खुर्चीवर, जणू बैठक त्यांनीच बोलावली होती.

"मला थोडक्यात हवंय," त्या म्हणाल्या. "मशीन की माणूस?"

"माणूस," तपासनीसबाई म्हणाल्या.

गुळगुळीतनं सुस्कारा सोडला. दाराशी मुलीनं मान खाली घातली.

"मशीन निर्दोष आहे. पण या मशीनमध्ये एक भाग असा आहे जो कारखान्यात बनत नाही. वरची कातडी गार असते. आतली धग मोजायला काटा नाही. तो काटा म्हणजे पेशंट. तिला पोळलं की ती ओरडते, आणि ओरडली की थांबायचं. बरोबर?"

"अगदी बरोबर!" गुळगुळीत म्हणाला. "म्हणून तर आम्ही बजावून सांगतो, बधिर करायचं ना..." त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"बोला ना. काय बजावता?"

"की... की आमच्या बाजूला बधिर करायचं क्रीम चालत नाही. कळलंच नाही तर थांबणार कसं?"

"काल पेशंटला कळलं नाही. मशीन चालू आहे का, असं त्या विचारत होत्या. तोंड पुसताना दुसऱ्याचं वाटत होतं. संध्याकाळी घरी क्रीमचा अंमल उतरला आणि गाल पेटला. हे सगळं त्या सकाळपासून घसा फोडून सांगत होत्या. आपल्यापैकी एकानंही ऐकलं नाही. मीसुद्धा नाही."

"क्रीम डाव्या गालाला लावलं होतं," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "सुयांच्या बाजूला. लावावंच लागतं."

"डाव्या आणि उजव्या." बाईंनी संगणकाचा पडदा सगळ्यांकडे फिरवला. "या क्रीमनं कातडीतलं रक्त ओसरतं, कातडी पांढरी पडते. प्लास्टिक जिथं संपतं तिथं सरळ रेघ उठते. बाळांच्या वॉर्डात मी हे कितीदा पाहिलंय. फोटो सुयांच्या आधीचा, भाजण्याच्या आधीचा. रेघा मोजा."

खोलीत कुणी मोजल्या नाहीत. दिसत होत्या.

"मग या मुलीनंच लावलं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोंधळात. डावं-उजवं कळलं नसेल."

"तासभर आधी लावावं लागतं. तो सगळा तास ही मुलगी शेजारच्या खोलीत या गृहस्थांच्या नजरेसमोर होती. पाणी प्यायलासुद्धा हलू दिली नाही त्यांनी. आणि हे तिचे वकील नाहीत, तिला बुडवायला बसलेत. त्यांची साक्ष मला पुरते."

गुळगुळीतनं बावळटासारखी मान हलवली. आपण कुणाला वाचवलं, हे त्याला आत्ता उमगत होतं.

"टोचऱ्या..." बाई जीभ चावून म्हणाल्या, "सुयांचे हे साहेब त्या वेळी जिन्यात मशीनखाली होते. कठडा साक्षीला आहे. मग तयारीच्या खोलीत उरलं कोण?"

"वहिनी, दुसरं कोण!" नणंदबाई उसळल्या. "मला म्हणाली, वन्सं, तुम्ही नुसत्या बसा, मी स्वतः करते. मी म्हटलं, वा, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा हिनं मला मायेनं हात लावला! दोन्ही गालांना चोळत होती. मी विचारलंसुद्धा, दोन्हीकडे का? तर म्हणे, जोडीला बरं दिसतं."

"वन्संचं वय झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काहीही बोलतात. शिवाय मी माझ्याच तुलनेचा विचका का करीन?"

"कारण तुलना हरत होती. तिघींनी उजवा गाल बरा म्हटलं. आणि तुमच्या कपाटात डाव्या गालाच्या सुया छतापर्यंत रचलेल्या. नाशवंत माल. घोडा घ्यायचा की नाही ते ठरलं नव्हतं, आणि तुम्ही खोगिरांचं दुकान मांडून बसला होतात. मी ते नमुने समजले. साहेब, तुम्ही सांगता, की मी तुमच्या कंपनीला विचारू?"

टोचऱ्याचा घाम पुन्हा सुरू झाला, जिना न चढताच.

"मॅडम... मॅडम आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुख होणार होत्या. संमेलनात आमचं नाव घेतल्यावर. पण हे भाजण्याचं मला माहीत नव्हतं! देवाशप्पथ!"

"ते मी मानते. तुम्हाला एवढी अक्कल असती तर तुम्ही लिफ्ट आधी तपासली असती."

डॉक्टरीणबाईंच्या गुळगुळीत चेहऱ्यावर काहीतरी हलू पाहत होतं, पण हलायला जागा नव्हती.

"फक्त लाल होईल असं वाटलं होतं," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन दिवस लाल. एवढ्यानं काम झालं असतं. फोड येतील असं... आणि घरचंच माणूस होतं. बाहेरच्या पेशंटवर मी असं कधीच केलं नसतं."

"घरचं माणूस म्हणूनच निवडलंत. ओरडलं तरी घरातच ओरडेल म्हणून. ही मुलगी विचारायला आली, तेव्हा 'वाढव' कुणी म्हटलं? कातडी जाड आहे, असंही म्हणालात. खरंच आहे ते. फक्त कुणाची, ते चुकलं."

त्या उठल्या आणि डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती.

"मी तुमच्या या धंद्याला कधी मान दिला नाही. आजही देत नाही. पण या सगळ्या झगमगाटात एक जागा अशी होती, जिथं बाईच्या शब्दावर सगळं अडून होतं. ती म्हणेल पोळतंय, की थांबायचं. तेवढी एकच जागा. तीसुद्धा तुम्ही तासभर आधी क्रीम लावून बधिर केलीत. संमेलनात लोक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात म्हणालात ना? आता ठेवतील का, बघू. अहवाल मी त्यांनाही पाठवणार आहे."

क्लिनिकला त्याच संध्याकाळी टाळं लागलं. फोटो मोहरबंद झाले. नणंदबाईंनी पोलिसांत तक्रार दिली, आणि ती लिहून घेणाऱ्या हवालदाराला मधे एकदाही श्वास घेऊ दिला नाही. टोचऱ्या आपलं मशीन तिथंच टाकून पळाला. गुळगुळीत मात्र दारात घुटमळत होता.

"म्हणजे आमचं मशीन निर्दोष," तो हात चोळत म्हणाला. "हे तेवढं आम्हाला छापायला लेखी मिळेल का?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जिन्याकडे वळला, आणि लिफ्ट बंद असल्याचं त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं असावं. लिफ्टची वाट बघत त्या नजरेसमोर उभं राहावं लागणार नव्हतं.

जायच्या आधी बाई आतल्या खोलीत डोकावल्या. टेक्निशियन नणंदबाईंच्या गालावर औषध लावत होती. हात हलका, बोटं अगदी कडेकडेनं. नोंदणी तिची राहिली होती. नोकरी राहिली नव्हती. तरी ती जखम बांधून मगच निघणार होती.

"पुढचा अहवाल लिहायला मला असं माणूस लागेल," बाई म्हणाल्या, "ज्याला ही यंत्रं चालवता येतात, आणि जे विचारल्याशिवाय पुढं जात नाही. खात्यात अर्ज कर. पगार इथल्यापेक्षा कमी आहे आणि जिने जास्त."

मुलीनं वर पाहिलं. पुन्हा गालाकडे वळली.

"ताई, दुखतंय?"

"अग आई ग! हो! मरणाचं दुखतंय!"

"बरं झालं," मुलगी म्हणाली, आणि तिथंच थांबली.